दुसरा सुळका

डॉ. हेमकांत पाटणे माती खायचा. चिमूटभरच खायचा, पण दोनशे माणसांसमोर खायचा.

२०३८ सालच्या जानेवारीत सांगलीच्या एका मंगल कार्यालयात द्राक्ष बागायतदारांचा मेळावा भरला होता. पहिल्या रांगेत हेमकांतची बायको शरयू बसली होती. मृदा केंद्राच्या प्रयोगशाळेची ती प्रमुख, त्यामुळे तिला खुर्ची पुढची मिळायची. नवऱ्याचा हा प्रयोग तिनं याआधी एकोणीस वेळा पाहिला होता. काचेच्या बशीत बागेतली माती येते. हेमकांत चष्मा काढतो. चिमूट जिभेवर ठेवतो, डोळे मिटतो, घशाखाली उतरवतो आणि सांगतो, "मंडळी, आईच्या हातची भाकरी आठवली."

त्या दिवशीही त्याला भाकरी आठवली. टाळ्या पडल्या. हेमकांतचा शोध विकणाऱ्या कंपनीचा विक्रीप्रमुख ऋग्वेद रुमालानं डोळे टिपू लागला. हेमकांतच्या आईनं जन्मात भाकरी थापली नव्हती. त्यांच्या घरी स्वयंपाकाला बाई होती. शरयूनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती घड्याळ बघत राहिली. त्या हॉलमधल्या एकाही माणसाबद्दल तिला आदर वाटत नव्हता, आणि आपल्याला तो वाटत नाही याचं तिला थोडं बरंही वाटत होतं.

ज्याच्या जिवावर हे सगळं चाललं होतं ती एक बुरशी होती. आंबोलीच्या जंगलात आडव्या पडलेल्या जांभळीच्या ओंडक्यावर हेमकांतला ती सापडली होती. पांढरे, सुतासारखे धागे. लाकूड पचवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन नावाचं जे द्रव्य असतं, त्याची बांधणी गोधडीसारखी असते; कुठला तुकडा कशाला शिवलाय याचा नेम नाही. बहुतेक जीवांची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, किल्ल्यांसारखी: एका कुलपाला एक. गोधडीला कुलूपच नसतं, त्यामुळे ती तिथं हात टेकतात. या बुरशीकडे हातोडा होता. ती धाग्यांच्या बाहेर अशी विकरं सोडायची की समोर येईल ती कार्बनची कडी फुटावी. कीटकनाशकांचे रेणूही तसल्याच कड्यांचे. त्यामुळे लाकडाबरोबर विषही फुटायचं, आणि सगळं नीट पार पडलं तर शेवटी कर्बवायू, पाणी आणि थोडे क्षार एवढंच उरायचं.

कंपनीनं ती पाकिटात भरली आणि नाव दिलं 'क्षालन'. शेतकऱ्यांनी तिला 'धोबी' म्हणायला सुरुवात केली. आणि धोबी दारात असल्यावर कपडे मळवायला कोण भितो? वेलीवरच्या पिठ्या ढेकूण या किडीसाठी बागायतदार ठिबकमधून कॅल्ट्रिन नावाचं औषध सोडायचे. हंगामात एकदाच सोडायचं अशी मर्यादा होती. क्षालन वापरणाऱ्यांना सरकारनं ती माफ केली. लोक चारदा सोडू लागले. वर कंपनीची जाहिरात होतीच: 'सोडा आणि विसरा.' महिन्याभरानं मातीचा नमुना केंद्रात यायचा, कॅल्ट्रिन शून्य निघायचं, आणि निर्मळ मातीचा दाखला मिळायचा. दाखल्यावर सही शरयूची.

फाल्गुनात तिच्या टेबलावर एक बाटली आली. सरबताची होती, धुऊन घेतलेली, बुचाला प्लास्टिक बांधलेलं. सोबत वहीचा कागद.

'मॅडम, आमच्या विहिरीचं पाणी तपासून द्या. द्राक्षं तोडणाऱ्या बायांचे हात थरथरतात. कात्री धरवत नाही. पारूबाईंना घास तोंडात घालता येईना. डॉक्टर म्हणतात अशक्तपणा आहे. एका विहिरीवरच्या नऊ बाया एकदम अशक्त कशा होतील? वैजयंता कोळेकर, सरपंच, खडकेवाडी.'

शरयूनं नमुना यंत्रात घातला. कॅल्ट्रिन शून्य. 'पाणी दोषरहित. उकळून, गाळून प्यावे,' असं तिनं लिहिलं आणि सही केली. या लोकांनी विहिरीवर भांडी घासायची, जनावरं धुवायची, आणि वर प्रयोगशाळेला पत्रं लिहायची, असं तिच्या मनात आलं. तेही तिनं बिनदिक्कत येऊ दिलं.

दुपारी डबा खाता खाता तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. यंत्र नमुन्यातला प्रत्येक पदार्थ वेगळा करून आलेख काढतं. पदार्थ तेवढे सुळके. पण अहवालात तेच सुळके उतरतात ज्यांची नावं सरकारी यादीत आहेत. बाकीचे यंत्र बघतं आणि गप्प बसतं. कॅल्ट्रिनच्या जागी आलेख सपाट होता. त्याच्या थोडं अलीकडे मात्र एक सुळका उभा होता, सरळ, उंच. नाव नसलेला.

तिनं जुने नमुने काढले. निर्मळ मातीच्या गेल्या वर्षीच्या दाखल्यांपैकी चाळीस उघडले. एकतिसांत तो सुळका होता.

पुढचे तीन आठवडे तिनं कुणालाही न सांगता काम केलं. तो रेणू कॅल्ट्रिनचाच होता, अर्धवट फुटलेला. एक ऑक्सिजन चिकटलेला, बाकी सांगाडा शाबूत. कॅल्ट्रिन मातीला धरून बसतं; हा पाण्यात विरघळून खाली जात होता, सरळ विहिरीत. पाण्यातलं विष जोखायला पाणपिसवा नावाचे बारीक जीव वापरतात; तिनं तो त्यांच्या काचपात्रात सोडला. त्यांना मारायचं जे काम कॅल्ट्रिनकडून दिवसभरात व्हायचं, ते यानं चहा निवायच्या आत केलं.

कारण शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. ही बुरशी हातोडा केव्हा काढते? उपाशी असताना. ओंडक्यात नत्र जवळजवळ नसतं; त्या टंचाईत तिला लाकूड फोडण्यावाचून गत्यंतर नसतं. हेमकांतनं केंद्रातले सगळे प्रयोग गव्हाच्या काडावर, उपाशी बुरशीवर केले होते. बागेत तिला ठिबकमधून महिनोन्महिने युरिया मिळत होता. आयतं खाणाऱ्यानं घाम का गाळावा? तिनं हातोडा ठेवून दिला. धाग्याच्या आत जी साधी विकरं असतात त्यांनी रेणूला एक ऑक्सिजन डकवला आणि दिला बाहेर ढकलून. आलेखावर कॅल्ट्रिन शून्य. दाखला तयार.

रविवारी सकाळी हेमकांत गॅलरीत बसून पपई खात होता. शरयूनं आलेखांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. तो हुशार होता. दुसऱ्या पानावरच त्याला कळलं असणार.

"हे यादीत आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही. कसं असेल? हे तुझ्या बुरशीनं जन्माला घातलंय."

"मग कायद्याच्या दृष्टीनं ते नाहीच."

"बायकांचे हात थरथरतायत, हेमकांत."

"नऊ बायकांचे. त्यांच्यात जीवनसत्त्वं कमी असतात, रक्त कमी असतं. नऊ म्हणजे काही नमुना नव्हे शरयू, तुला मी सांगायला हवं का?" त्यानं पपईची बी काट्यानं बाजूला सारली. "सप्टेंबरात क्षालनबद्दलचा माझा सन्मान जाहीर होतोय. तोवर थांब. मग आपण दोघं मिळून शोधनिबंध लिहू. सुधारित क्षालन. ऋग्वेदशी मी बोलतो."

"सुधारित!"

"ओरडू नकोस. दाखल्यांवर सही कुणाची आहे?"

तो रागावला नव्हता. प्रेमानंच आठवण करून देत होता. सव्वीस वर्षांपूर्वी पुण्याच्या वसतिगृहाच्या दारात, जिवाणू की बुरशी यावरून तीन तास भांडणारा मुलगा हाच का, असा प्रश्न शरयूला पडला नाही. तिला एवढंच वाटलं की याची हनुवटी किती गुळगुळीत झाली आहे. युरियावर वाढल्यासारखी.

आणि ती थांबली.

पुढचे पाच महिने ती सगळ्यांना मनातल्या मनात तुच्छ लेखत राहिली. हेमकांत आरशासमोर सन्मानाच्या भाषणाचा सराव करायचा; ती दार लावून घ्यायची. ऋग्वेद केंद्रात आला की 'मॅडम, तुमची सही म्हणजे आमचा ब्रँड,' म्हणायचा. ती त्याच्या चकचकीत बुटांकडे बघायची. बागायतदार पेढे घेऊन यायचे, आणि या मूर्खांना आपल्या पायाखाली काय मुरतंय याची अक्कल नाही, म्हणून ती पेढा टेबलावर तसाच वाळू द्यायची. सह्या मात्र चालू होत्या. रोजच्या पाच-सहा. या गावंढळ सर्कशीत खरं काय ते ओळखणारी आपण एकटीच, हे समाधान तिला पुरत होतं.

श्रावणात एका दुपारी वैजयंता कोळेकर स्वतः केंद्रात आली. पंचेचाळिशीची, काळी, हाडापेराची बाई. बरोबर पारूबाई होत्या. वय साठ असेल, पण दोन्ही हात पदराखाली गुंडाळून धरले होते, आणि पदर हलत होता. योगायोगानं हेमकांत व्हरांड्यात होता, कंपनीच्या पाहुण्यांना केंद्र दाखवत होता. त्यानं दोघींना लवून नमस्कार केला. पाहुणे असले की तो फार नम्र व्हायचा.

"सायेब, पाच म्हैनं झालं," वैजयंता म्हणाली. "पाणी चांगलं हाय म्हणून कागद आला. आमी उकळून पेलो, गाळून पेलो. आता अकरा बाया झाल्या. माती तरी तपासा म्हणून घिऊन आलोय."

"कॅल्शियम कमी पडतं बायकांना. मी आमच्या डॉक्टरांना सांगतो."

"डागदर नगं. तुमी माती चाखून सांगता म्हणं, चांगली का वाईट. टीवीवर बघितलं आमी." तिनं पिशवी उघडली आणि ओंजळभर काळी माती त्याच्यापुढे धरली. "ही चाखून सांगा. हिरीजवळची हाय."

पाहुण्यांपैकी एकानं कौतुकानं फोन वर धरला. हेमकांत हसला. त्यानं चष्मा काढला. हात पुढे आला, चिमूट भरली गेली. आणि तो हात तोंडाच्या वाटेवर मध्येच थांबला.

"आज घसा धरलाय," तो म्हणाला, आणि बोटं रुमालाला पुसली. एकदा पुसली. मग रुमाल उलटा करून पुन्हा पुसली.

शरयू दारात उभी होती. तोवर तिची अशी समजूत होती की हेमकांत स्वतःला फसवतो आहे. आत्मसंतुष्ट माणसं फसवतातच. आता तिला दिसलं की त्याचा तिच्या आलेखावर पूर्ण विश्वास होता. पहिल्या दिवसापासून होता. तिचं काम किती अचूक असतं हे जगात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. खडकेवाडीची माती तो जिभेला लावणार नव्हता. खडकेवाडीनं त्याच मातीतलं पाणी प्यायला त्याची हरकत नव्हती.

तिनं आतून आलेखांचा गठ्ठा आणला. "चला," ती वैजयंताला म्हणाली. "मी येते तुमच्याबरोबर."

"शरयू," हेमकांत हलक्या आवाजात म्हणाला, "विचार कर."

"पाच महिने तोच केला," ती म्हणाली.

खडकेवाडीत ग्रामपंचायतीसमोरच्या कट्ट्यावर बायका जमल्या. शरयूनं सांगितलं. सुळका दाखवला, युरियाचं सांगितलं, त्या विहिरीचं पाणी आजपासून कुणी तोंडात घालू नका म्हणाली. उकळलं की पाणी आटतं, विष तेवढंच राहतं, हेही सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढत गेला. कंपनी कशी नालायक, केंद्र कसं विकलं गेलंय, आपला नवरा कसा पोकळ माणूस आहे, ऋग्वेद कसा रुमाल डोळ्यांना लावतो. पाच महिन्यांचा सगळा साठा बाहेर आला. आता या बायका आपल्याकडे बघतील, आपल्याला जवळ घेतील, असं तिला कुठंतरी वाटत होतं.

वैजयंतानं सगळं ऐकून घेतलं.

"तुमास्नी कवा कळलं हे?"

"फाल्गुनात," शरयू म्हणाली. "नक्की कळायला चैत्र उजाडला."

"आन् आता श्रावण चाललाय."

"मला त्या सगळ्यांची इतकी घृणा आली होती वैजयंताताई, की..."

"मनातल्या मनात थुकत हुता व्हय त्यांच्यावर?" वैजयंतानं विचारलं. आवाज चढवला नव्हता. "आमच्या हिरीला त्याचा काय उपेग झाला?"

पारूबाईंच्या हातातलं भांडं कट्ट्याच्या फरशीवर टकटक वाजत होतं. त्यांनी ते खाली ठेवलं, तर हात वाजायला लागला.

"सायबानं माती खाल्ली न्हाई, त्ये बघितलं मी. त्यो चोर हाय, सरळ हाय. तुमी खाल्ली बी न्हाई आन् वरडला बी न्हाई. वर आमास्नी लिवून धाडलं, उकळून प्या." वैजयंता उठली. "आता काय करायचं त्ये सांगा. रडायचं आसंल तर एस्टी सहाला हाय."

शरयू रडली नाही. तिला त्या बाईची भीती वाटली, आणि भीतीबरोबर बऱ्याच वर्षांत कुणाबद्दल न वाटलेलं काहीतरी वाटलं. तिनं कागद घेतला आणि काय करायचं ते लिहू लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या सहीचे सगळे दाखले रद्द करणारं पत्र काढलं आणि ते केंद्राला, मंत्रालयाला आणि चार वर्तमानपत्रांना पाठवलं. पुढं जे व्हायचं तेच झालं. कंपनीनं दुःख व्यक्त केलं. ऋग्वेद दुसऱ्या कंपनीत गेला, बढतीवर. चौकशी समितीसमोर हेमकांतनं शांतपणे सांगितलं की तो बुरशीचा माणूस आहे, अवशेषांची तपासणी हा त्याचा विषय नव्हे. समितीनं शरयूला विचारलं, "मार्चनंतर, हे ठाऊक असताना, तुम्ही किती सह्या केल्या?"

"सहाशे अकरा," ती म्हणाली. मोजून आली होती.

तिची नोकरी गेली, दाखले देण्याचा परवाना गेला. हेमकांतचा सन्मान बारगळला, पण त्याला पुण्यात एका सल्लागार मंडळावर जागा मिळाली. तो सामान न्यायला आला तेव्हा म्हणाला, "तू माझं वाटोळं केलंस." तिनं पाहिलं, त्याचं वाटोळं वगैरे काही झालं नव्हतं. वजन वाढलं होतं. तिनं त्याला पुस्तकांचे खोके जिन्यावरून उतरवायला मदत केली.

खडकेवाडीचं काम सोपं होतं आणि कंटाळवाणं होतं. बुरशीला पुन्हा उपाशी ठेवायचं. गावानं युरिया बंद केला. चार बागायतदार भांडले, त्यांच्या ठिबकचे व्हॉल्व्ह बायकांनी जाऊन बंद केले. विहिरीच्या वरच्या अंगाला लांबच लांब चर खणले, त्यात गव्हाचं काड आणि लाकडाचा भुसा भरला, त्यावर बुरशी पेरली. विहीर उपसून ते पाणी चरांतून सोडायचं, पुन्हा झिरपू द्यायचं, पुन्हा उपसायचं. शरयू आठवड्यातून चार दिवस तिथं राहायची, शाळेच्या जुन्या खोलीत. काड पसरायला तिला येत नव्हतं. बायका तिला हसायच्या, आणि त्या हसण्यात माया मुळीच नव्हती. दर महिन्याला ग्रामसभेत उभं राहून पाण्याचे आकडे वाचायचे, एवढंच काम वैजयंतानं तिला मानानं दिलं होतं. पुण्यातली एक जुनी मैत्रीण नमुने तपासून द्यायची.

भुकेल्या बुरशीनं हातोडा काढला. सहा महिन्यांत सुळका अर्ध्यावर आला, दीड वर्षात बोटाएवढा झाला, मग आलेखाच्या रेघेत मिसळला. अकरा बायकांपैकी आठ जणींचे हात स्थिरावले. पारूबाईंचे स्थिरावले नाहीत. त्यांना त्यांची सून भरवते.

२०४० च्या पावसाळ्यात दिल्लीहून पत्र आलं. तो रेणू अखेर सरकारी यादीत जाणार होता. यादीत जायचं तर नाव हवं. जिथं सापडला त्या गावाचं नाव द्यायचा रिवाज म्हणून तिथल्या समितीनं मसुद्यात 'खडकेवाडी संयुग' असं घातलं होतं. शोध लावणाऱ्याची आणि ग्रामपंचायतीची संमती मागितली होती.

वैजयंतानं पत्र दोनदा वाचलं. "म्हंजी औषधाच्या डब्यावर, दवाखान्यात, पेपरात, सगळीकडं आमचं नाव? त्या इषाला?"

"रिवाज आहे तसा."

"रिवाज गेला चुलीत. आमच्या पोरींना कोण करून घील? खडकेवाडीची म्हटलं की लोक दोन हात लांब हुतील. पेलो आमी, आन् नाव बी आमचंच?"

शरयूनं मसुदा आपल्याकडे ओढला. 'खडकेवाडी'वर तिनं आडवी रेघ मारली. वर लिहिलं: 'पाटणे संयुग'.

वैजयंतानं वाकून वाचलं. "सायबाचं आडनाव."

"हो."

"चांगली जिरली." मग तिच्या ध्यानात आलं. तिनं मान वर केली. "तुमचं बी हेच की."

"हो. कागदोपत्री अजून तेच आहे."

"बदलायचं म्हणत हुता न्हवं, मागल्या म्हैन्यात?"

"राहू दे आता," शरयू म्हणाली, आणि खाली सही केली.

वैजयंतानं ती सही वाचली. मग तिनं टेबलाचा खण ओढला, ग्रामपंचायतीचा शिक्का काढला, शाई वाळली होती म्हणून त्यावर हाः करून तोंडाची वाफ सोडली, आणि नावाच्या शेजारी दाबून मारला.